पाटीवर न लिहिलेली ओळ

मी एक जुनी लाकडी पाटी आहे, मित्रांनो. अमेरिकेतल्या डेट्रॉइटजवळच्या एका गावात, चीनमधून आलेल्या लाव यांच्या खानावळीच्या दारावर मी सोळा वर्षे टांगलेली होते. जेवणाच्या जुन्या टेबलाची फळी घासून लाव यांनीच मला घडवले आणि माझ्यावर लाल चिनी अक्षरे रंगवली. येणारेजाणारे त्या अक्षरांचे कौतुक करत.

लाव यांची मुलगी जॉईस मात्र शाळेतल्या मैत्रिणी सोबत असल्या की माझ्याकडे मान वर करून पाहतही नसे. तिचा जन्म अमेरिकेतला. घरी तिला सुक-यी म्हणत, पण त्या नावाला ती ओ देत नसे. मला वाईट वाटे.

१९८२ साल उजाडले. मोटारींच्या कारखान्यांतली माणसे कामावरून कमी होऊ लागली. जपानी गाड्यांनी आमचे पोट मारले, असे लोक म्हणत आणि लाव यांच्यासारखा चेहरा दिसला की त्यांना तो जपानीच वाटे. एका दुपारी दोघे दारातच ओरडले, "जपानला चालते व्हा!" दुसऱ्या दिवशी दगडाने खिडकी फुटली.

काचा गोळा करून झाल्यावर लाव शिडीवर चढले. माझ्या तळाशी त्यांना इंग्रजीत एक ओळ लिहायची होती : 'आम्ही जपानी नाही, चिनी आहोत.'

शिडी धरून उभी असलेली जॉईस म्हणाली, "बाबा, हे नका लिहू."

"का? खोटं आहे का?"

"खरं आहे. पण मग नाओमीनं काय लिहायचं?"

नाओमी तिची वर्गमैत्रीण. तिचे आजोबा जपानमधून आलेले.

लाव यांचा कुंचला थबकला. "युद्धात जपानी सैनिकांनी चीनमधलं माझं गाव जाळलं, सुक-यी. माझी आई त्यात गेली."

"ठाऊक आहे मला. पण ते नाओमीनं नाही केलं. दगड तिच्याही घरावर आलाय. मारणारा कुठं विचारतो, तुम्ही कोण म्हणून?"

तेवढ्यात एक ट्रक दारासमोर येऊन रेंगाळला. आतून कुणीतरी आमच्याकडे टक लावून पाहत होते. जॉईसने शिडी सोडली नाही. अखेर ट्रक निघून गेला.

ओळ न लिहिताच लाव खाली उतरले. "शिडी आत ने," एवढेच म्हणाले.

त्या रविवारी खिडकीला प्लायवूड ठोकलेल्या आमच्या खानावळीत जॉईसच्या बोलावण्यावरून चिनी, जपानी, कोरियन घरांतली मुले या दगडफेकीबद्दल बोलायला जमली. "मी सुक-यी जॉईस लाव," जॉईसने सुरुवात केली. लाव स्वयंपाकघरातून एकदाच बाहेर आले. नाओमीसोबत आलेल्या तिच्या आजोबांपुढे चहा ठेवला आणि परत गेले.

दगड लगेच थांबले नाहीत. महिन्याभराने पुन्हा काच फुटली. पण या वेळी झाडू घेऊन नाओमीचे आजोबा आले होते आणि लाव यांनी त्यांच्यासाठी सुपली धरली होती.

मित्रांनो, आता माझा रंग उडाला आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू पुसा, जपा. आणि कधी भीती वाटली, तर स्वतः सुटण्यासाठी शेजाऱ्याकडे बोट दाखवू नका.