टिळक पुलावरची चढण

दाजी गाडी शिकवायचे तेव्हा शिव्या आधी, रस्ता नंतर. "आनंदा, गाढवा, पुढचं दिसत नाही तर ओव्हरटेक करतोस कशाला?" असं म्हणून पाठीत एक धपाटा. मी काही ऐकून घेणारा नव्हे. पण टॅक्सी त्यांची, बहीण त्यांच्या घरात. मग गप्प बसायचो.

छप्पनचा जानेवारी. संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटलेली. त्या दिवशी सकाळपासून शांत होतं म्हणून आम्ही दादरला गाडी काढली. मी स्टिअरिंगवर, शेजारी दाजी, मागं भाजीची पिशवी घेऊन माझी बहीण, कालिंदीआक्का. अचानक दगड सुरू झाले, मग गोळीबार. एक गोळी दार फोडून दाजींच्या मांडीत घुसली. रक्त कसलं, नळच सोडला होता! आक्कानं पदर फाडून करकचून बांधला. "चल, के.ई.एम.ला चल!"

परळकडचा सरळ रस्ता लोकांनी दगड टाकून बंद केलेला. राहिला टिळक पूल. तिथं चढावर पुढ्यात लोखंडी सळ्यांची हातगाडी. तिघं जीव खाऊन ओढत होते. थांबले असते तर गाडी घरंगळून आमच्याच अंगावर आली असती. मी हॉर्न बडवला, त्यांच्या सात पिढ्या काढल्या. ते तरी बिचारे काय करणार?

उजवीकडून काढावं तर पुलाच्या माथ्यापलीकडचं दिसेना. दाजी पांढरेफटक पडलेले. "दिसत नाही तोवर नको," एवढंच पुटपुटले.

"मी बघते!" आक्का म्हणाली आणि दार उघडून पळत सुटली. माथ्यावर जाऊन तिनं पलीकडं पाहिलं, हात हलवला: ये!

मी गाडी उजवीकडं घातली. हातगाडीच्या बरोबरीला आलो आणि आक्काचा हात थांबला. पलीकडून एक ट्रक येत होता, दगडफेकीतून सुटलेला, बेफाम. मला ना मागं जाता येत होतं, ना आत घुसता. आक्का बाजूला झाली नाही. दोन्ही हात पसरून ट्रकसमोर उभी राहिली.

"आक्के, हट!" मी बोंबललो. ट्रकचे ब्रेक किंचाळले, ट्रक माथ्यावरच थांबला, पण तोवर ती चाकाखाली गेली होती. मी हातगाडीच्या पुढं निघालो, थांबलो, उतरलो. आक्का संपली होती.

ट्रकवाल्याला खाली ओढून मी त्याचं तोंड फुटेस्तोवर मारलं. शेवटी माथ्यावर पोचलेल्या हातगाडीवाल्यांतल्याच एकानं मला धरलं. "अरे, तुझा माणूस गाडीत मरतोय!" आक्काला त्यांच्या हवाली करून मी गाडी दामटली.

दाजी वाचले. शुद्धीवर येताच विचारलं, "कालिंदी कुठाय?" इतक्यात सांगू नका, असं सगळे म्हणत होते. मला कुठलं जमायला! सांगून टाकलं.

त्यांनी माझी कॉलर धरून खाली ओढलं आणि कानाखाली मारली. मग मारतच सुटले. नर्स धावत आली. "मारू द्या, सिस्टर," मी म्हटलं.

"हातगाडीच्या मागं राहायचंस की रे!" ते ढसाढसा रडत होते. "मी मेलो असतो तर काय बिघडलं असतं?"

माझंही डोकं फिरलं. म्हटलं, "तिनं ऐकलं असतं?"

तेव्हा कुठं त्यांचा हात थांबला.