गाळलेले गुणाकार

माणसाची सारी प्रगती नको ते गाळण्यात आहे, असं मुकुलचं ठाम मत होतं. हे मत त्याचं झालं चिपमधली जागा संपली त्या दिवशी.

जालन्याच्या एमआयडीसीत अण्णासाहेबांच्या कंपनीत तो रेडिओवर चालणारा स्टार्टर बनवत होता. घरून बटण दाबलं की दीड किलोमीटरवरच्या विहिरीतली मोटार सुरू. अडचण एवढीच, की कुंभार पिंपळगावच्या ज्या बद्रीनाथच्या शेतात चाचणी चालली होती, त्याच्या बोअरवरचा सोलर पंप हवेत अशी खरखर सोडायचा की बटणाचा निरोप त्यातच बुडायचा. यावर इलाज डिजिटल फिल्टर. येणाऱ्या सिग्नलला शहाण्णव आकड्यांनी गुणायचं, बेरीज करायची, की खरखर बाजूला. पण शहाण्णव गुणाकार स्वस्त चिपमध्ये मावेनात आणि महाग चिप अण्णासाहेबांच्या डोक्यात मावेना.

"कमी कर," ते म्हणाले. "शुक्रवारी शेतावर दाखव. न्हाई जमलं तर सोमवारपासून तू विक्री विभागात."

मुकुलला अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की घाम फुटे. तो झडझडून कामाला लागला. आकड्यांची पुढची निम्मी रांग मागच्या निम्म्या रांगेसारखीच, फक्त उलटी असते, त्यामुळे अठ्ठेचाळीस गुणाकार गेले. बारीकसारीक आकडे शून्य धरले, आणखी सदतीस गेले. उरले अकरा. चिपमध्ये आता जागाच जागा झाली.

शुक्रवारी विहिरीवर मोटारीच्या जागी बल्ब जोडला. घरून बद्रीनाथची बायको साळूबाई बटण दाबत होती. चाळीस वेळा दाबलं, चाळीस वेळा बल्ब लागला.

"शाब्बास रे पठ्ठ्या!" अण्णासाहेबांनी मुकुलच्या पाठीवर थाप मारली आणि चाचणीच्या कागदावर सहीसाठी पेन काढलं.

"झालं का साहेब?" बद्रीनाथने विचारलं. "मंग पंप चालू करू का? मोसंबीला पाणी द्यायचंय."

"कोणता पंप?"

"सोलरचा. तुम्ही येऊन राह्यले म्हणून सकाळीच बंद केल्ता. लई खरखर करतो तो."

"काका," मुकुल म्हणाला, "आम्ही त्या खरखरीसाठीच आलो ना!"

"म्हणून तर बंद केला. पाव्हण्याच्या कामात खोडा नको."

अण्णासाहेबांनी पेनाला टोपण लावलं. "कर चालू."

बद्रीनाथने पंप चालू केला. साळूबाईने पुन्हा चाळीस वेळा बटण दाबलं.

बल्ब चार वेळा लागला. फिल्टर बसवण्याआधी तो चाळीसात नऊ वेळा लागत असे.