परदेशी शुल्काची भानगड

नजमुद्दीन कुवेतहून कायमचे परत आले, त्याला वर्ष होत आलं. आता मुरुड सोडायचं न्हाय, असं कसम खाऊन म्हणाले होते. आणि परवा ते मासळी आणायला गेले असताना घरी राहिलेल्या त्यांच्या फोनवर बँकेचा मेसेज आला: कार्डावर परदेशी व्यवहाराचं शुल्क लागलं. माझ्या पायाखालची वाळूच सरकली.

या माणसाचं अर्धं आयुष्य तिकडे गेलं. आमची इनशा त्यांच्या फोटोला अब्बा म्हणत मोठी झाली. आता म्हातारपणी पुन्हा तिकीट काढलंय आणि बायकोला पत्ता नाही? म्हटलं, येऊ दे घरी.

आले. पिशवीत सुरमई, तोंडावर हसू. मी फोन पुढे धरला तसं हसू गेलं. मी रुपयेच भरलेत गं, एक दिनारसुद्धा नाही, असं घोकत बसले. मग बँक काय येडी हाय? मी सुरमई टोपात आपटली आणि इनशाला फोन लावला. ती पनवेलला बँकेत कामाला आहे.

कार्टी हसायलाच लागली. म्हणाली, अम्मी, वेबसाइटवर भाव रुपयांत दिसला तरी पैसे घेणारी कंपनी बाहेरच्या देशातली असली, की तो व्यवहार परदेशीच धरतात. पैसे कुठले ते नाही, दुकान कुठलं ते बघतात. अब्बा ओटीवर बसून होते, तरी पैसे परदेशी गेले.

"दुकान कसलं? विमानाचंच ना?" मी यांना विचारलं.

"लॉजचं," हे खाली बघून म्हणाले. "काशीदला, एका वेबसाइटवरून बुक केलं. आपल्या दोघांसाठी."

काशीद! एसटीत बसलं की आलंच. आणि लॉज कुणाचं, तर गौरीचं, जिला मी दर ईदला शीरखुर्मा पाठवते. तिला नुसता फोन करायचा ना? तर म्हणे, गौरीला सांगितलं असतं तर चहा निवायच्या आत तुला कळलं असतं. ते मात्र खरं होतं.

मी खूप बोलले. मला खरंच भीती वाटली होती, तेही सांगून टाकलं.

"परत जाणार न्हाय ना?"

"जाईन," म्हणाले. "पण तुला घेऊन."

मी कपाटावरची त्यांची बॅग काढली. इतकी वर्षं ती मीच भरत आले. आज पहिल्यांदा तिच्यात माझे कपडे गेले.