सूर थांबला की थांब

इदवालची वही जानेवारीत सुरू झाली. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. पहिल्या पानावर त्यानं ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, "सायकली दोन, कॅरॅव्हॅन एक, आठवडे नऊ." त्याखाली गावांची माळ. आधी बेल्जियममधलं डोंगराळ जंगल, मग फ्रान्स, मग ऑस्ट्रियातल्या खिंडी, आणि शेवटी इटलीतलं फिनाले. तिथं म्हणे माथ्यावर सायकल सोडली की वाट तुम्हाला थेट समुद्रापाशी आणून सोडते.

"पुढचं चाक खाऱ्या पाण्यात बुडवायचं," तो म्हणायचा, "आणि मग मी म्हातारा झालो असं तू गावभर सांग. माझी हरकत नाही."

माझा नवरा एकतीस वर्षं वनखात्यात होता. आमच्या डोंगरावरच्या सायकलींच्या वाटा त्यानं आणि आणखी चौघांनी फावड्यानं कोरल्या. कुठलं वळण पावसात वाहून जाईल आणि कुठलं टिकेल, हे त्याला मातीला हात लावून कळायचं. कुठून कुठून पोरं यायची त्या वाटांवर पडायला. हा मात्र वेल्सच्या बाहेर सायकल घेऊन कधी गेला नव्हता. निवृत्त झाला त्या संध्याकाळीच म्हणाला, "मेरेरिद, आता दुसऱ्यांनी केलेल्या वाटांवर एकदा पडून बघायचंय."

माझ्यासाठी बॅटरीवाली सायकल घेतली. तिला तो 'राणीसाहेबांची पालखी' म्हणे. कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागं ओढायचं चाकांवरचं घर, मिळाली शेजारच्या टेगिडकडून. टेगिडच्या दीडशे मेंढ्या, आणि बायको गेल्यापासून त्याच्याकडे बोलायला दुसरं कुणी नाही, म्हणून तो आमच्याकडे बोलतो. कॅरॅव्हॅन त्याच्या गोठ्यात सहा वर्षं पडून होती. दार उघडलं तसं मी नाकाला रुमाल लावला.

"आत मेंढ्या ठेवत होतास की काय?"

"मेंढ्या नाही, मेंढ्यांचं खाणं," टेगिड म्हणाला. "वासाचे वेगळे पैसे घेत नाहीये मी."

"कुठला वास?" इदवालनं विचारलं. "मला तर काही येत नाही."

"घेणाऱ्याला नाहीच येत," टेगिड म्हणाला, आणि आम्ही तिघंही हसलो. मीही हसले. पुढं ते हसू मला फार दिवस टोचत राहिलं.

मार्चमध्ये एकदा बेल्जियमकडं जायच्या बोटीची तारीख बघायला मी वही उघडली. जूनची तीन तारीख. ती सापडायला मला चष्मा बदलावा लागला. जानेवारीतली अक्षरं हरभऱ्याएवढी होती, फेब्रुवारीतली मोहरीएवढी, आणि मार्चमध्ये पानावरून मुंग्यांची रांग चालली होती. ओळीच्या सुरुवातीला थोडी मोठी मुंगी, शेवटाकडे लहान लहान होत गेलेली.

"वही पुरवून वापरतोयस का?" मी म्हटलं. "चॅपलचा खजिनदार करायला हवं तुला."

त्यानं वही माझ्या हातातून काढून घेतली. टोमण्याला टोमणा द्यायचा सोडून तो उठून गेला, ते माझ्या लक्षात आलं. पण ओव्हनमध्ये केक होता, आणि लक्षात आलेलं विसरायला माणसाला तेवढं निमित्त पुरतं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी दुपारी पाऊस लागला होता. इदवाल अंगणात कॅरॅव्हॅनमध्ये शेगडी तपासत होता. मी तव्यावर भाजलेल्या गरम गोड चकत्या फडक्यात गुंडाळून त्याला द्यायला गेले. दार उघडलं आणि गॅसचा वास तोंडावर थापड मारल्यासारखा आला. आत, सगळ्या खिडक्या बंद, शेगडीवर किटली, आणि शेगडीपुढं इदवाल. एका हातात काडेपेटी, दुसऱ्यात काडी. काडी धरलेला हात थरथरत होता, म्हणून ती पेटीवर नीट घासली जात नव्हती. तेवढ्यानंच वाचलो.

मी फडकं टाकलं आणि त्याच्या हातावर फटका मारला. काड्या सगळीकडे उडाल्या.

"बाहेर! आधी बाहेर हो!"

"अगं पण झालं काय?"

त्यानं ते अगदी खरंखुरं विचारलं. तो त्या वासात उभा होता आणि त्याला काही माहीत नव्हतं.

माझा आरडाओरडा ऐकून टेगिड पाना घेऊन आला. सिलिंडर बंद केला, रबरी नळी वाकवून दाखवली. सांध्यापाशी ती सुकून फाटली होती. "दोष माझा, नळी जुनी दिली," तो म्हणाला. "पण इदवाल, लेका, माझ्या म्हाताऱ्या कुत्र्यालासुद्धा वास आला असता रे."

इदवाल हसला नाही. टेगिडनं माझ्याकडे पाहिलं, टोपी सारखी केली आणि नवी नळी आणतो म्हणून निघून गेला.

आम्ही दोघं कॅरॅव्हॅनच्या पायरीवर बसलो. पाऊस गुडघ्यांवर पडत होता.

"वास कधीपासून येत नाही?"

"दोनेक वर्षं."

"आणि अक्षर?"

त्यानं उजवा हात मांडीखाली घेतला. गेले काही महिने तो असाच बसायचा. मला वाटे, थंडी. मग पावसाकडे बघत त्यानं सांगितलं. जानेवारीत दाखवून आला होता. पार्किन्सन. नाक, अक्षर, हात, सगळं त्यातलंच. सुरुवात आहे, गोळ्या आहेत, सावकाश वाढतं कधी कधी. त्या दिवशी मला टायर बघायला जातो म्हणून सांगून गेला होता.

"इस्पितळाच्या समोर एक दुकान आहे," तो म्हणाला. "तिथून वही घेतली."

 माझ्या तोंडात जे आलं ते प्रेमाचं नव्हतं. "लायसन्सच्या कचेरीला कळवलंस?"

"नऊ आठवडे फक्त. परत आलो की कळवतो."

"कायद्यानं आधी कळवायचं असतं."

"कळवलं की त्यांचे कागद, त्यांचे डॉक्टर. परवानगी देतील, नाही देतील, पाच महिने जातील. तोवर हा हात कुठं पोचला असेल? मेरेरिद, मला फिनाले आत्ता बघायचंय. आत्ता ब्रेक धरता येतोय."

"आणि खिंडीत हातानं ऐकलं नाही तर? मागं दीड टनाचं घर, खाली उतार, आणि समोरून कुणाची तरी लेकरं सायकलवर वर येतायत."

"ऐकेल हात."

"काडी पेटवताना ऐकत होता?"

तो उठला. "मग तूच कळव त्यांना. तुझ्या देवालाही कळव."

"देवाला कळलंय. कचेरीला तू कळवायचंस."

त्यानंतर आमच्या घरात फक्त ताटल्या बोलत होत्या. सूप वाढलं, सूप प्यायलं, ताटली ठेवली. वही कपाटावर गेली.

रविवारी चॅपलला, आमच्या गावच्या छोट्या प्रार्थनाघरात, आम्ही सात जण होतो. इदवाल येतो तो बॉयलर पेटवायला. मग शेवटच्या बाकावर बसतो आणि गाताना ओठसुद्धा हलवत नाही. मी लहान होते तेव्हा इथं मिस्टर पॅरी प्रवचन करायचे. सुरुवातीला साधं बोलणं, मेंढ्यांचं, हवेचं, शेजाऱ्यांच्या भांडणांचं. मग कुठंतरी शब्दाचं टोक वर उचललं जायचं आणि बोलता बोलता माणूस गायला लागायचा. त्याला चाल नसायची, वाद्य नसायचं. माझी आई माझा हात दाबून पुटपुटायची, "आला बघ वारा शिडात." त्यांचा आवाज कधी ओरडल्यासारखा लागला नाही, आणि तरी फाटकाबाहेर रस्त्यावर थांबलेल्या माणसालाही शब्दन् शब्द ऐकू जायचा. आता महिन्यातून एकदा कुणी तरी येऊन कागदावरून वाचून दाखवतात. चांगलं असतं. मी डोळे मिटून त्यातही तो वारा शोधत बसते.

त्या दिवशी मला नीट प्रार्थनाही सुचली नाही. म्हटलं, देवा, याला घरात कोंडू नकोस. आणि कुणाच्या अंगावरही घालू नकोस. मधली वाट काढायची कशी ते तू बघ, रस्त्यातलं मला कळत नाही.

सोमवारी सकाळी टेबलावर कचेरीचा फॉर्म भरून ठेवलेला होता.

"वाचता येतंय का बघ," इदवाल म्हणाला.

मी भिंग घेऊन अक्षर अक्षर वाचलं. सही तर चिरडलेल्या मुंगीसारखी होती. तो स्वतः जाऊन पेटीत टाकून आला. आल्यावर कोट न काढताच म्हणाला, "झालं तुझ्या मनासारखं. ती वही आता शेगडीत घाल."

"वही कशाला? मला शिकव."

"काय?"

"कॅरॅव्हॅन ओढायला."

तो हसला, आणि ते हसणं चांगलं नव्हतं. "तुला बाजारात साधी गाडी मागं घेता येत नाही. गेल्या वर्षी चॅपलला आलेल्या त्या पाद्र्यानं लावून दिली."

"म्हणून तर शिकव म्हणतेय. पाद्री इटलीला येणार नाही."

सपाट, फरसबंद जागा गावात एकच, चॅपलचं आवार. टेगिडनं कॅरॅव्हॅन तिथवर आणून दिली आणि "तो कोपऱ्यातला खांब चॅपलच्या कमिटीचा आहे, भिंत देवाची आहे, सांभाळून," असं म्हणून तो गेला. पुढं नेणं मी एका दुपारीत शिकले. मागं घेणं म्हणजे मात्र हट्टी म्हातारीला दारातून आत घेण्यासारखं. स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं तर तिचं बूड डावीकडे जातं. इदवालनं सांगितलं, हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धर आणि तिला जिकडं न्यायचंय तिकडं हात ने. ते जमलं. पण मागचं काही दिसत नाही. बाजूच्या आरशात कॅरॅव्हॅनची कड आणि तिच्या पलीकडे उभा राहून हातानं खुणा करणारा इदवाल, एवढंच दिसतं.

चौथ्या दिवशी त्यानं हात वर केला. हात हलत होता. ये, ये, असं मला वाटलं. मी आले. काच फुटल्याचा आवाज झाला.

"थांब म्हणत होतो ना!"

"हलत होता हात!"

"थांबच म्हणत होतो!"

"अरे, हलत होता तुझा हात, इदवाल!"

मागच्या दिव्याचे लाल तुकडे खांबापाशी पडले होते. त्यानं हात डोळ्यांसमोर धरला आणि कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा त्याच्याकडे बघत राहिला. मग चॅपलच्या पायरीवर बसला.

"नाही जमायचं. मला थांब सांगता येत नाही आणि तुला ते दिसत नाही. एवढं साधं आहे."

मी तुकडे वेचले. वेचून झाल्यावर म्हटलं, "खुणा नको. ओरडून सांग."

तो उभा राहिला, मी गाडी सुरू केली. दोन शब्द ऐकू आले, तिसऱ्यापर्यंत आवाज इंजिनाखाली बुडाला. घरातसुद्धा हल्ली मी त्याला सारखं "काय? काय?" करत होते, आणि माझेच कान गेले असं समजत होते.

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "गा मग."

"डोकं फिरलंय का?"

"मिस्टर पॅरी कुठं ओरडायचे? आणि पार रस्त्यापर्यंत ऐकू जायचं."

"त्यांच्यापाशी देवाचे शब्द होते. मी काय गाऊ? 'हिला उजवीकडे ने, देवा'?"

"हेच गा. उजवीकडे न्यायचं तर सूर वर ने. डावीकडे, खाली. सरळ असेल तर एकच धरून ठेव."

"आणि थांबायचं असेल तर?"

"गप्प बस. सूर थांबला की मी थांबते."

तो मान हलवत कॅरॅव्हॅनच्या मागं गेला. मी दोन्ही काचा खाली केल्या. बराच वेळ कावळेच ओरडत होते. मग एक बारीक, लाजलेला आवाज आला. लग्नाआधी ट्रॅक्टरवर गायचा तो, त्यानंतर छत्तीस वर्षांत मी ऐकला नव्हता. "ये गं मागं... उजवीकडे ये... आणखी ये, हट्टी बाई..." आवाज फाटला, पुन्हा धरला, आणि वर चढला. मी हात उजवीकडे नेला. कॅरॅव्हॅनचं बूड उजवीकडे वळलं. "आता डावीकडे... भिंत जुनी आहे... खांबाला एकदा मारलंस, पुरे झालं..." मी हसत होते आणि मला आरसा नीट दिसत नव्हता. मग तो एका सुरावर आला आणि तिथंच राहिला. लांब, सपाट, हलका कापरा. मी त्या सुराच्या दोरीवरून मागं मागं येत राहिले.

सूर थांबला. मी ब्रेक दाबला.

उतरून मागं गेले. कॅरॅव्हॅन आणि भिंत यांच्यात दोन विती जागा होती. इदवाल भिंतीला हात लावून, खाली मान घालून श्वास घेत होता.

"मुद्दाम थांबलास ना?" मी विचारलं.

"थांबलीस की नाही तू? मग झालं."

"मी विचारतेय तुला."

त्यानं तोंड पुसलं. खोटं बोलणं सोपं होतं. त्याच्या चेहऱ्यावर ते एकदा येऊन गेलेलंही मला दिसलं.

"दम संपला," तो म्हणाला. "भिंत त्याच वेळी आली."

आम्ही त्या दोन विती जागेकडे बघत राहिलो. बोटीला पाच आठवडे होते. कचेरीचं पत्र आलं नव्हतं. त्यानं कोटाच्या खिशातून ती निळी वही आणि पेन्सिल काढली आणि माझ्यापुढं धरली.

"खिंडी गाळ. फिनालेही गाळ. बेल्जियमपर्यंत लिही, तुझ्या अक्षरात. तिथं पोचलो तर पुढचं बघू."

मी वही घेतली आणि गाडीच्या टपावर ठेवली. "खोडायचं मग बघू. आधी आणखी एकदा घेऊ. या वेळी दम संपायच्या आधी थांब."

गाडी फाटकापर्यंत पुढं काढली. आरशात तो दिसला. त्यानं डाव्या हातानं उजवा हात छातीशी धरला होता, आणि मान वर केली होती. काचा उघड्याच होत्या.

सूर यायला वेळ लागला. तोवर मी ब्रेकवरचा पाय काढला नाही.