गेप्पाकुसाठी मांडलेलं ताट

कागदावरच्या जनावराचे अंत्यसंस्कार करायला माझा नवरा तयार झाला, तेव्हाच मी म्हटलं होतं, हे आपल्या अंगाशी येणार. पण आमचे ओशो, म्हणजे देवळाचे पुजारी, पडले सरळ. याइझु बंदरातलं कुणीही देवळाच्या दारात येऊन कमरेत वाकलं, की यांचा होकार आधी बाहेर पडतो आणि अक्कल मागाहून चपला शोधत येते.

या वेळी वाकले होते ओइशी-सान. माशाच्या काळ्या वड्या करण्यात या माणसाचा जन्म गेला, पण त्या सकाळी मागणं घेऊन आले तेच मुळी काळा टाय लावून.

"ओशो-सान, गेप्पाकु गेला," ते म्हणाले. "आम्हा वाचकांना त्याला नीट निरोप द्यायचाय. मंत्र, उदबत्ती, सगळं रीतसर."

"कुणाच्या घरचे हे?" ओशोंनी गंभीरपणे विचारलं.

आता गंमत बघा. गेप्पाकु कोण हे यांना पक्कं ठाऊक होतं. 'मीठनदीची राणी'चे माझे नऊच्या नऊ भाग हे संडासात लपवून वाचतात. मी पुस्तकात खूण म्हणून ठेवलेली दोरी दर वेळी भलत्याच पानात सापडते. पण देवळाच्या धन्यानं कादंबऱ्या वाचू नयेत असं यांचं स्वतःचंच मत, त्यामुळे आव मात्र असा, की जसं काही आजच नाव ऐकतायत.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते. लोणची विकणाऱ्या एका पोरीला मीठनदीकाठच्या देशाची राणी व्हावं लागतं, आणि तिच्या सोबतीला असतो गेप्पाकु. चीनच्या जुन्या पुराणांत तो पांढरा, बोलका, नऊ डोळ्यांचा पशू आहे ना, न्यायानं राज्य करणाऱ्यालाच दिसतो तो, त्याच जातीतला हा. जगातल्या झाडून सगळ्या भुताखेतांची नावं त्याला पाठ. शिवाय खादाड आणि फटकळ. पूर्वी आपल्याकडे जपानात लोक प्रवासाला निघताना त्या पशूचं चित्र जवळ बाळगत, वाटेत काही बाधू नये म्हणून. आमच्या मुलानं, तोमोनारीनं, ट्यूना पकडायच्या बोटीवर जाताना चित्राऐवजी पुस्तकंच नेली. तो वर्ष वर्ष समुद्रावर असतो. ही मालिका मला लावली ती त्यानंच, आणि माझ्याकडून यांना लागली.

तर नवव्या भागाच्या शेवटी राणीला वाचवताना गेप्पाकु पश्चिमेच्या डोंगरात बर्फाखाली गाडला जातो. पुस्तक मिटून मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. तोमोनारीचा बोटीवरून निरोप आला, "आई, तो मेला हे मी मानत नाही." मी कळवलं, "मीही नाही. दहावा येऊ दे."

दहावा काही आला नाही. चार वर्षं झाली. शेवटी ओइशी-सानसारख्यांनीही हाय खाल्ली आणि अंत्यसंस्कारांची टूम काढली.

आदल्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात उद्याच्या जेवणासाठी आळकुड्या सोलत होते. एक बाई मागच्या दारानं आली. साठीची, बारकी, हातात पिशवी. "मदत करू का?" म्हणाली. मी म्हटलं, वाचकच असेल, आणि दिली सुरी. बाईला सोलता येत नव्हतं. सालीबरोबर अर्धी आळकुडी जात होती.

"अहो, तेवढ्यात एक माणूस जेवेल," मी म्हणाले. "कुठून आलात?"

"नागोयाहून. मी कुगा मिनेको."

माझ्या हातातली आळकुडी परातीत पडली. कुगा मिनेको म्हणजे नवव्या भागापर्यंत सगळं लिहिणारी ती बाई. कधी कुठे फोटो नाही, सभेला नाही. आणि आज माझ्या स्वयंपाकघरात, माझा एप्रन घालून.

"कुणाला सांगू नका," ती म्हणाली. "मी त्याला पोचवायला आलेय. नववा लिहीत होते त्या थंडीत माझी आई गेली. घरी आले आणि मला भयंकर राग आला, की माझी आई जाते आणि हा कागदावरचा मात्र खुशाल खातोय, बडबडतोय. मारून टाकला. तेव्हापासून एक ओळ लिहिता आलेली नाही. उद्या त्याचं सगळं रीतसर झालं, की प्रकाशकांना कळवते, मालिका संपली म्हणून."

आईचं ऐकून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त राग आला.

"म्हणजे दहावा नाही?"

"नाही."

"आणि राणी? ती तिथंच, बर्फात उभी राहायची?"

"दाइकोकु-सान, तो मेलाय." देवळातल्या बाईला आमच्याकडे याच नावानं हाक मारतात. "मेलेल्याला मी कुठून आणू?"

"तुम्हीच मारलात ना? मग तुम्हालाच माहीत." मी आळकुड्या धुवायला घेतल्या, जरा जास्तच आदळआपट करत. संध्याकाळी तिला वरची खोली दिली, पांघरूण चांगलं जाड दिलं, पण बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून माझी नुसती तारांबळ. माणसं अपेक्षेपेक्षा जास्त. शिमिझुहून एक अख्खी बस भरून आली. त्या गडबडीत मला दोन ताटं वाढायची होती. एक गेप्पाकुचं. मेलेल्या माणसाच्या उशाशी ठेवतात तो भात, वाडग्यात शीग लावून, वर जेवायच्या काड्या उभ्या खोचलेल्या. दुसरं आमच्या तोमोनारीचं. घरचं माणूस समुद्रावर गेलं, की त्याच्या फोटोपुढे रोज त्याचं ताट मांडायचं, तो आत्ता जेवायला बसणार आहे असं समजून. भात, लोणचं, भाजी, काड्या आडव्या, आणि सूपचा वाडगा झाकण घालून. नंतर झाकण काढून बघायचं. आतून थेंब धरले असतील, तर माणूस सुखरूप आहे. गरम सूप झाकलं तर थेंब धरणारच, हे मलाही कळतं. तरी रोज बघते. न बघता माझा दिवस सुरू होत नाही.

दोन्ही ताटं वाढली, माश्या बसू नयेत म्हणून दोन्हींवर पांढरी फडकी टाकली आणि ओशोंनी हाक मारली म्हणून बाहेर पळाले. परत आले, एक ताट आतल्या खोलीत तोमोनारीच्या फोटोपुढे ठेवलं, दुसरं देवळात नेऊन वेदीवर.

देवळात वेदीवर काळी फीत लावलेली मोठी तसबीर होती. नऊही मुखपृष्ठांवर चित्रकारानं गेप्पाकु नेहमी पाठमोराच काढलेला, त्यामुळे तसबिरीत निव्वळ पाठ आणि शेपूट. लोक त्या शेपटापुढे वाकून डोळे पुसत होते. ओशोंनी मंत्र सुरू केले. आवाज दाटलेला होता. मी मनात म्हटलं, संडासातला वाचक उघडा पडतोय आता.

मंत्र संपले. उदबत्तीसाठी सगळ्यात आधी ओइशी-सान पुढे झाले. त्यांनी अदबीनं ताटावरचं फडकं उचललं आणि तसेच थबकले.

"ओशो-सान," ते हळूच म्हणाले, "हे तर बोटीवर गेलेल्यांचं ताट आहे."

बंदरातलं देऊळ आमचं. निम्म्या बायांच्या घरी रोज तेच ताट मांडलं जातं. काड्या आडव्या, सूपवर झाकण. सगळ्यांनी ओळखलं. कुजबुज सुरू झाली.

मला मात्र त्यातलं काही ऐकू येईना. हे ताट इथं आहे, तर ते दुसरं कुठं आहे? मग तशीच उठले आणि किमोनो सावरत धावले. आतल्या खोलीत फडकं ओढलं. माझ्या हसऱ्या, जिवंत पोराच्या फोटोपुढे भाताची शीग, आणि त्यात काड्या उभ्या. माझ्या हातानं मांडलेल्या. मी काड्या उपटल्या, तो वाडगा पोटाशी धरला आणि मटकन बसले. रडू आवरेना. ओरडून सांगावंसं वाटत होतं की हे खरं नाही, मी चुकले, ताट उचललंय, आता हिशेबात धरू नका.

मागे कुणीतरी उभं होतं. मिनेको-सान. माझ्यामागून धावत आली होती. तिनं फोटो पाहिला, माझ्या पोटाशी धरलेला भात पाहिला.

"मुलगा?" तिनं विचारलं.

"बोटीवर आहे. चांगला आहे. मी वेंधळी आहे, बाकी काही नाही." मी नाक पुसलं. "चुकून मांडलं तर उचलता येतं. लगेच उचललं तर चालतं. चालत असेल ना हो?"

ती माझ्याशेजारी बसली आणि बराच वेळ त्या काढलेल्या काड्यांकडे बघत राहिली. मग उठून देवळाकडे चालू लागली. मीही मागोमाग गेले, वाडगा हातात तसाच.

देवळात सगळे ताटकळले होते. कुणाची कोण ही बाई सरळ वेदीपाशी गेली, गुडघे टेकले आणि सूपवरचं झाकण उचलून उलटं केलं. आतून थेंबच थेंब. एक ओघळून तिच्या मनगटावर पडला.

तिनं झाकण ओशोंपुढे धरलं. ओशोंनी चष्मा वर केला, खाली केला, झाकणाच्या अगदी जवळ नाक नेऊन पाहिलं. मग तसबिरीची काळी फीत सोडली आणि घडी करून बाहीत ठेवली.

"हे गृहस्थ प्रवासात आहेत," ते म्हणाले. "जिवंत माणसाचे अंत्यसंस्कार या देवळात होत नाहीत. बर्फाखाली देह सापडला असं कुठं लिहिलंय? एकशे ब्याऐंशीव्या पानावर फक्त गाडले गेले एवढंच आहे."

"तुम्ही वाचलंय?" ओइशी-सान म्हणाले.

ओशोंचे कान लाल झाले. "जेवायला चला," ते म्हणाले.

मग काय विचारता, शिमिझुची बस अंत्यसंस्कारांना आली होती ती लग्नाला आल्यासारखी जेवून गेली. मिनेको-सान निघताना मागच्या दारातच थांबली. आपण कोण हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. मीही नाही.

"दाइकोकु-सान, एक मागू? मी लिहीपर्यंत त्याचंही ताट मांडाल?"

"मांडेन. पण फार रेंगाळू नका. खादाड आहे तो, मला परवडायचा नाही."

तेव्हापासून मी रोज दोन ताटं मांडली. तोमोनारीच्या फोटोशेजारी त्या शेपटाची तसबीर. दोन झाकणं बघायची. ओशो दुसरं झाकण बघायला रोज काहीतरी निमित्त काढून यायचे.

वर्ष उलटलं आणि नागोयाहून पुडकं आलं. दहावा भाग. मी उभ्याउभ्याच पहिलं पान वाचलं. डोंगरात, बर्फाखाली, काळोखात काहीतरी हलतं. नऊ डोळ्यांतला एक उघडतो. खूप लांबून, समुद्राच्या बाजूनं, कुणीतरी त्याच्यासाठी वाढलेल्या सूपचा वास येत असतो. तिथंच मी पुस्तक मिटलं आणि तोमोनारीच्या ताटाशेजारी ठेवलं. पाच वर्षं आम्ही दोघांनी मिळून वाट पाहिली होती, मग एकटीनं कसं वाचू? ओशोंना तसा काही संकोच नव्हता. दोन दिवसांत ते संडासातून डोळे सुजवून बाहेर आले. शेवट सांगू नका, अशी मी त्यांना तंबीच दिली.

वसंतात बोट बंदराला लागली. तोमोनारी घरी आला, काळा ठिक्कर पडलेला, ओठ फुटलेले, दाढी वाढलेली. जेवायला बसला तर समोर पुस्तक.

"आई, आला का तो परत?"

"आला."

"कसा काय?"

"भूक लागली म्हणून."

"वाटलंच मला," तो म्हणाला, आणि हसत सूपच्या वाडग्यावरचं झाकण उचलून बाजूला ठेवलं. त्या दिवशी मी झाकणाकडे बघायलाच विसरले.