अंगौरची थोरली

गुडघाभर चिखलात उभी राहून फुमिको अळूचे कांदे उपटत होती आणि बांधावर बसलेली हेलेना पुन्हा तेच विचारत होती.

"तुमच्या पणजीच्या पिढीत घरात आणखी कोण होतं, मावशी?"

फुमिकोने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. घराण्याचा मानकरी, तिचा भाऊ, नुकताच वारला होता. नवा मानकरी पुरुषच व्हायचा, पण त्याला निवडायच्या घराण्यातल्या म्हाताऱ्या बायका. आणि त्याची आई कोण, तिची आई कोण, यावर सगळं ठरायचं. फुमिकोला आपला मुलगा बाउलेस तिथे हवा होता. चुलत शाखेतल्या तोश्कोला स्वतःचा मुलगा. पण तोश्कोची आजी अंगौर बेटावरून आणलेली दत्तक पोर, म्हणून त्या शाखेला कुणी हिशेबात धरत नसे.

अशा दिवसांत वंशावळी विचारत फिरणाऱ्या परक्या बाईवर भरवसा ठेवण्याइतकी फुमिको भोळी नव्हती. पलाऊच्या बायकांची सत्ता अभ्यासायला आलेय, असं हेलेना सांगे. भाषा शिकली होती, सुपारीही चघळायची. पण सकाळी इथे, तर दुपारी तोश्कोच्या ओसरीवर.

"काल तोश्कोने काय खाऊ घातलं?"

"मासा. त्या म्हणतात, फुमिको तुला नुसत्या अळूवर ठेवते."

"ती उगाच कुणाला वाढत नाही. बदल्यात काय काढून घेतलं?"

हेलेना हसली. ते हसू फुमिकोला आवडलं नाही. एक खोटी गोष्ट या एकाच कानात घालायची आणि कुठून बाहेर पडते ते बघायचं, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं.

"कुणाला बोलू नकोस," ती कांद्याची माती झाडत म्हणाली. "पणजीला थोरली बहीण होती. दिलुमेर. लहानपणीच होडीतून अंगौरला नेली. पुढे काही कळलं नाही."

आपण अंगौर का म्हणालो, याचा तिने विचार केला नाही. तोश्को मनात होती, म्हणून तेच तोंडात आलं.

नवा मानकरी निवडायला बायका जमल्या तेव्हा तोश्को सर्वांआधी बोलली. "फुमिकोची पणजी धाकटी. थोरली दिलुमेर, ती अंगौरला गेली. माझी आजी तिचीच लेक. परकी म्हणून आणली नव्हती, घरी परत आणली होती. थोरलीची शाखा आधी."

हेर सापडली, असं फुमिकोला वाटलं. तिने दाराशी बसलेल्या हेलेनाकडे बोट केलं. "तू सांगितलंस."

"सांगितलं नाही, विचारलं," हेलेना गोंधळून म्हणाली. "एकीने सांगितलेलं दुसरीकडे पडताळल्याशिवाय मी खरं धरत नाही. नाव घेताच या हो म्हणाल्या."

म्हणजे बाई कुणाचीच हेर नव्हती. फुमिकोचा आनंद ओसरला. आता सगळ्या तिच्याकडे बघत होत्या.

"दिलुमेर नावाचं कुणी नव्हतंच," ती म्हणाली. "मी रचली. हिची परीक्षा घ्यायला."

"अगं बाई," तोश्को म्हणाली. "कालपर्यंत होती. आज अडचणीची झाली म्हणून मेली का?"

दोघीतिघी हसल्या. सगळ्यांत वडील उलांगमावशी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी सुपारीचा चोथा बाजूला टाकला.

"पूर्वजांची नावं रचतेस तू, फुमिको?"

"एकदाच, मावशी."

"तुझी पणजी आम्ही कुणी पाहिली नाही. तिच्याबद्दलही तूच सांगत आलीस."

ही वंशावळ पाठ असलेला दुसरा माणूस म्हणजे तिचा भाऊ, आणि तो आता नव्हता. फुमिकोने पणजीपासून सुरुवात केली; तिच्या लेकी, त्यांच्या लेकी, कोण कुठे दिली, कोण कुठे पुरली. एकही शब्द खोटा नव्हता. एरवी प्रत्येक नावाला माना हलायच्या. आज कुणाची हलली नाही, आणि बोलता बोलता तिलाच जाणवलं की आपला आवाज तसाच लागतोय, जसा त्या दिवशी चिखलात लागला होता.

"पुरे," उलांगमावशी म्हणाल्या. "दिलुमेर बाजूला ठेवू. आणि बाउलेसचं नावही."