शिखराखालचा खळगा

बसा, जरा पाय पसरून बसा. वाळूच्या ढिगाची गोष्ट सांगतो. खोटी निघाली तर कान धरा माझे.

एक फिटरबाई होती, भौतिकीच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं. काम काय, तर वाळू ओतायची. हसू नका. लेथवर स्वतः कातलेल्या पितळी नरसाळ्यातून ती पोलादी पत्र्यावर वाळूची धार सोडायची. टोकदार ढीग झाला, की पत्र्याच्या भोकांखाली बसवलेले वजनकाटे वाचायचे, कुठे किती भार येतो ते. धान्याच्या कोठ्या का फुटतात, त्याचं मूळ म्हणे यातच आहे.

आता तुम्ही-आम्ही काय म्हणू? शिखराखाली सगळ्यात जास्त भार, उंची तिथेच ना. पण बाईचे काटे म्हणायचे, नाही. ऐन शिखराखाली कमी आणि चार बोटं बाजूला जास्त. एकदा नव्हे, चाळीस वेळा. तिने काटे अदलूनबदलून पाहिले, पत्रा फिरवला. मधला खळगा काही हटेना.

नवे साहेब माणूस वाईट नव्हते, पण त्यांच्या गणितात तो खळगा बसेना. त्यांनी बाह्या सरसावून स्वतः तीन ढीग केले, तर भार बरोब्बर शिखराखाली. झालं. कागद टाइप होऊन आला: हाताळणीच्या चुकीमुळे चाळीसही नोंदी रद्द. खाली बाईची सही हवी. नाही केली, तर सोमवारपासून भांडारात खिळे मोजायचे.

घरी नवरा मशीनवर बसलेला, धंद्याने शिंपी. तो म्हणाला, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, कर सही.

बाई म्हणाली, "गिऱ्हाइकाला सदरा होत नाही म्हणून तुम्ही टेप खोटा म्हणाल का?"

"छे. आधी विचारीन, माप देताना पोट आत ओढलं होतंस का?"

बाईच्या हातातला घास हातातच राहिला. आपण सगळं तपासलं, पण साहेबांनी ढीग केला कसा, ते कुठे पाहिलंय?

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना सांगितलं, सहीचं नंतर, आधी माझ्यादेखत एक ढीग करा. साहेबांनी काय घ्यावं? चाळणी. गुठळ्या नकोत म्हणून सगळ्या पत्र्यावर सारखी भुरभुरवली वाळू. कडेची घसरून खाली पडत गेली आणि मधे तसाच टोकदार ढीग उभा राहिला. काटेकोर माणूस ना.

बाईने तीच वाळू नरसाळ्यातून ओतली. खळगा. मग चाळणीने. खळगा गायब. पुन्हा नरसाळं, पुन्हा खळगा. असे सात ढीग. बाहेरून सगळे जुळ्या भावांसारखे, पोटात मात्र वेगळे. कारण धारेतून पडलेले कण उतारावरून घरंगळतात, एकमेकांना खांदा देऊन कमानी धरतात आणि वरचा भार बाजूला ढकलतात. आपण कुठल्या वाटेने आलो, ते वाळू विसरत नाही.

साहेबांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, ठीक आहे, 'चूक' काढतो, 'नोंदी अनिश्चित' लिहितो. तुझाही मान राहील, माझाही.

"अनिश्चित काय आहे त्यात, साहेब?" बाई म्हणाली. "वाळू खरं बोलली, मी खरं लिहिलं. तुमची चाळणीसुद्धा खरीच आहे. दोन्ही लिहा, या घटकेला सही करते. नाहीतर खिळे कुठे आहेत ते दाखवा."

साहेबांनी खिळे दाखवले.

सोमवारी ती नरसाळं काखेत मारून भांडारात गेली. माझ्या हातचं आहे, कुणाच्या बापाचं नाही, म्हणाली. तिच्या सहीवाचून नोंदी रद्द होत नाहीत, म्हणून चाळीसच्या चाळीस अजून वहीत ठाण मांडून आहेत. आणि भांडारात तिने पत्र्याला भोकं पाडून जुने तराजू खाली लावलेत. जेवणाच्या सुट्टीत कुणीही जावं, ती ढीग करून दाखवते. परवा गणितवाले दोघे गेले होते, डोकं खाजवत परतले.

तुमचं त्या बाजूला जाणं झालं, तर एवढं करा. खिळे मागू नका. खिडकीशी उभे राहा आणि म्हणा, बाई, ओता बघू.